घाईच्या घरी मटण न देणारी थोरली

दुसऱ्यांचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण भिंतच पातळ असली तर माणसाने कान कुठे ठेवून यावे? धाकट्याची बायको तेव्हा त्या घरात नवी होती. स्वयंपाकघरात ताटं पुसत होती, आणि पलीकडच्या खोलीत तिचा नवरा आणि थोरली नणंद एकमेकांवर तुटून पडले होते. पुसून झालेली ताटं तिने पुन्हा पुसायला घेतली. ऐकायचं असलं की बाईमाणसाला काम बरोबर सुचतं.

"ताई, जग कुठल्या कुठे गेलं आणि तू अजून मेंढ्यांना टेकडी दाखवत बसलीस," धाकटा म्हणत होता. "खालचं सपाट कुरण आहे ना, तिथे शेड बांधू. पोत्यातलं खाद्य घालू. जनावर जागच्या जागी दुप्पट होतं."

"होतं ना. तूही झालायस की, लग्न झाल्यापासून."

"थट्टा नको. तुझी मेंढी टेकडी चढून आली की खुंट्याला बसून आली, कोण विचारतं? लोकांना ताटात मटण दिसतं, मेंढीचे पाय दिसत नाहीत."

"विचारणारे असतील. मी शोधीन."

"तू? तू उभ्या जन्मात बाजारात एक वांगं विकलं नाहीस!"

"वांगं नाही विकलं, मटण विकीन. आपल्या कुरणावरचं, माझ्या हाताने, घरोघर जाऊन. पुढची कोकरं जन्मेपर्यंत मला मुदत दे. तोवर यंदाचा कळप विकला, तर शेडचं नाव काढायचं नाही. नाही विकला, तर बांध तुझी शेड. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"ठरलं?"

"ठरलं."

धाकट्याची बायको ताट छातीशी धरून उभी. खरं सांगायचं तर तिला मनातून शेडच हवी होती. शेड आली की चार पैसे येतील आणि स्वयंपाकघराला एक धड खिडकी पडेल, एवढाच तिचा हिशेब. त्या स्वयंपाकघरात धूर बिचारा बाहेरची वाट विचारत फिरायचा. नणंदेशी तिचं वैर नव्हतं, पण खिडकीवर फार प्रेम होतं.

थोरलीने लग्न केलं नव्हतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. अंगाने काटकुळी, आवाज मात्र टेकडीच्या पलीकडून ऐकू येईल असा. रोज उजाडताच ती कुरणावर जायची. मेंढ्यांभोवतीची जाळी उपटायची आणि पुढच्या ताज्या गवतावर रोवायची. मग कोंबड्यांचं चाकांवरचं खुराडं ढकलत आणून मेंढ्यांनी सोडलेल्या जागेवर लावायची. मेंढ्या गवत खाऊन पुढे, कोंबड्या त्यांच्या लेंड्या उकरून किडे खात मागे. ना फवारा, ना पावडर, ना पोतं. 'सेंद्रिय' हा शब्द तेव्हा त्या घरात कुणाच्या तोंडात नव्हता. थोरली म्हणायची, "आपण काय करतो? काहीच करत नाही. फक्त जाळी हलवतो."

जाळी हलवणं सोपं होतं. विकणं म्हणजे लोखंडाचे चणे.

शहरातला खाटीक ठरल्या दिवशी जनावर कापून, तुकडे करून द्यायचा. थोरली ते बर्फाच्या पेटीत भरायची आणि बसने निघायची. पेटी मांडीवर, पाय आखडलेले, शेजारच्याची कुरकुर. मग जिने. शहरात ज्याला चांगलं खायची आवड तो नेमका वरच्या मजल्यावर राहतो, असा तिचा अनुभव. दार उघडलं की ती नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणायची, "टेकडीवर चरलेलं मटण आहे. बघा तरी."

कुणी दार लावून घेतलं. एकीने मटणासोबत आणलेल्या कोंबडीची पिवळी चरबी बघून नाक मुरडलं, "शिळी दिसतेय." थोरली म्हणाली, "बाई, गवत खाते म्हणून पिवळी. तुमच्याकडची पांढरीफटक असते, तिला आधी ऊन तरी दाखवा." असं बोलून कुणी गिऱ्हाईक मिळवलंय? पण मिळाली. दवाखान्यातली नर्सबाई मिळाली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शिंपी मिळाला. त्यांच्या तोंडून आणखी चार घरं कळली. धाकटा घरी बसून हसायचा, पण हसू थोडं आखडतं झालं होतं.

आणि मग पुढच्या खेपेला नर्सबाईने दार उघडलं ते तोफेसारखं.

"आत्याबाई, मटण दिलंत की तुमची जुनी चप्पल? दात हलला माझा! दवाखान्यात मीच पेशंट व्हायची बाकी होते."

शिंप्याकडेही तेच. तो बिचारा मवाळ माणूस. म्हणाला, "चव फार चांगली होती हो. गिळता आलं असतं तर आणखी कळली असती."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण थोरलीने लहानपणापासून ऐकली होती. ती आपल्याच अंगणात येऊन बसेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी भरलेली पेटी भरलेली परत आली. धाकट्याने ती उतरवून घेतली. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

थोरलीला खरंच कळेना. घरी तर हेच मटण लोण्यासारखं लागतं! रात्रभर कूस बदलून तिने विचार केला आणि सकाळी धाकट्याच्या बायकोला म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर. मला दुसरे डोळे हवेत." ही बया का कबूल झाली? शहर बघायला मिळेल म्हणून. उगाच मोठेपणा द्यायला नको.

नर्सबाई रात्रपाळी करून नुकतीच आली होती. थोरलीने तिच्यापुढे मटणाची पुडी ठेवली. "हे फुकट. पण माझ्यासमोर शिजवा."

नर्सबाईने पातेलं चढवलं, गॅस भडकवला, ज्वाळा पातेल्याच्या कडेने वर आल्या. थोरली बघत राहिली. तिला काही दिसेना. दिसलं ते धाकट्याच्या बायकोला, कारण चुलीशी बसून रोज डोळे तिचेच चुरचुरायचे.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "आपण तर कधी असा जाळ करत नाही."

आणि खरंच की! त्यांच्या घरी मटणाचं पातेलं सकाळी चुलीच्या कडेला निखाऱ्यावर जायचं. मग माणसं जाळी हलवायला, पाणी भरायला निघून जायची. परत येईस्तोवर पातेलं आपलं आपण पुटपुटत असायचं. कुणी ते कधी 'शिजवण्याची रीत' म्हणून शिकलंच नव्हतं. घरात रोजच होतं ते बाहेर सांगावं लागतं, हे कुणाला सुचणार? दुकानचं मटण खुंट्याला बसून वाढलेल्या जनावराचं. ते दोन उकळ्यांत मऊ पडतं. हे जनावर जन्मभर टेकडी चढलेलं. भडका दाखवला की ते आणखी ताठतं, थोरलीसारखंच.

थोरलीने हात पुढे करून गॅस अगदी कमी केला. "आता बसा," ती म्हणाली.

"बसू? किती वेळ?"

"मला काय माहीत! आमच्याकडे घड्याळ लावून शिजवत नाहीत."

नर्सबाई खुर्चीत बसली आणि बसल्याबसल्या झोपली. थोरलीने तिच्या मोरीतली भांडी घासून टाकली. धाकट्याची बायको खिडकीशी उभी राहून रस्ता बघत होती. खिडकी, बरं का! मोठी, दोन दारांची. दुपार कलली तसा वास सुटला आणि नर्सबाई वासाने जागी झाली. तिने उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग म्हणाली, "आत्याबाई, बोलू नका माझ्याशी आत्ता."

त्या दिवसापासून थोरलीची विकायची पद्धत बदलली. नव्या घरात ती पहिल्या वेळी स्वयंपाकघरात शिरायची, गॅस कमी करायची आणि बसायची. पोरं तिला 'गॅस-कमी आत्या' म्हणू लागली. आणि तिने एक नेम केला. दारात उभी राहून आधी विचारायची, "आज घाई आहे का?" घाई असेल तर मटण नाही. "अंडी घ्या आज. मटण निवांत असाल तेव्हा."

धाकट्याने कपाळावर हात मारला. "ताई, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं आणि तू त्याला अंडी दाखवतेस?"

"चप्पल खाऊन दुसऱ्यांदा कोण येतं रे?"

पण नेम पाळायचा म्हणजे वेळ खर्ची. एका दिवसात किती स्वयंपाकघरं होणार? म्हणून धाकट्याची बायकोही जाऊ लागली, अर्धी घरं तिची. हळूहळू बायका तिला बसथांब्यावर हटकायच्या, "अगं, पुढच्या खेपेला माझं विसरू नको हं." तिला ते आवडायचं. माहेरी तिला कुणी असं रस्त्यात थांबवून काही मागितलं नव्हतं.

तरी कळप मोठा आणि घरं थोडी. कोकरांचे दिवस जवळ येत चालले. त्यात पाऊस रुसला, गवत आखूड झालं, मेंढ्या अंगाने उतरल्या. अशा वेळी शहरातला एक खानावळवाला आपणहून टेकडीवर आला. मोठ्या जेवणावळीसाठी त्याला उरलेला सगळा कळप हवा होता. सगळा! धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पैजेत तो हरणार होता, तरी खूश होता. विकलं जाणं कुणाला नको असतं?

"फक्त जरा अंगावर मांस येऊ द्या," खानावळवाला म्हणाला. "थोडे दिवस बांधून ठेवा, पोत्यातलं घाला. खाणाऱ्याला कुरणाचंच म्हणून सांगू. कोण बघायला येतंय?"

धाकटा बहिणीकडे वळला. "ताई, घे. तूच जिंकलीस. कुरण राहिलं तुझं."

थोरली कुंपणाचा खुंट धरून उभी होती. हो म्हटलं की कुरण वाचतं. नाही म्हटलं की त्याच कुरणावर शेड. धाकट्याच्या बायकोला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. डोळे मिटून एकदाच. कोण म्हणणार होतं तिला काही?

"नर्सबाईला मी काय सांगून विकलंय?" थोरली खानावळवाल्याला म्हणाली. "तेच तुम्हाला सांगून विकीन. दुसरं मला सांगता येत नाही. पाऊस पडू द्या, गवत येऊ द्या, मग या."

तो गेला. परत आला नाही.

कोकरं झाली. कळपातली बरीच जनावरं अजून टेकडीवरच होती. थोरली बोलल्याप्रमाणे ब्र न काढता सकाळी जाळी हलवायला गेली, आणि धाकटा खालच्या कुरणावर शेडची जागा मोजायला निघाला. मोजायला दोर हवा आणि दोराला दोन टोकं. त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, हे टोक धर."

"माझे हात पिठाचे आहेत."

धाकट्याने बघितलं. हात कोरडे ठणठणीत. "कुठलं पीठ?"

"भिजवायचंय अजून."

"धर म्हणतो ना!"

"नाही धरणार." आता ती सरळच बोलली. "अहो, बसथांब्यावर बायका माझ्याकडून शब्द घेऊन बसल्यात. त्यांना मी पोत्यातलं नेऊन देऊ? तुम्ही जा. तुम्हीच सांगा त्यांना, टेकडीवरचं संपलं म्हणून. आधी त्या नर्सबाईकडे जा, मग बघते तुम्ही कसे परत येता ते."

"तू कधीपासून ताईच्या बाजूची झालीस? तुला तर खिडकी हवी होती!"

"खिडकी हवीच आहे. ती तुम्ही कुदळीने पाडा. शेड कशाला लागते त्याला?"

धाकट्याच्या हातात दोराचं एक टोक. दुसरं टोक गवतात पडलेलं. एक मेंढी आली आणि ते चघळू लागली. शेवटी त्यालाच हसू आलं. म्हणाला, "एक वर्ष. आणखी एकच." ते वर्ष पुढे कुणी मोजलंच नाही. खिडकी त्याने पाडली, जरा वाकडी पाडली, पण धूर काही तक्रार करत नाही.

थोरलीला हे सगळं कळलं का? कळलं असणार. त्या दिवशी ती कुरणावरून आली, भावजयीच्या ताटात मांडीचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "जेव. पीठ भिजवून दमली असशील." एवढंच. तिच्याकडून याहून जास्त कौतुक कुणाच्या वाट्याला आलं नाही.

पुढे शहरात कुरणावरचं, सेंद्रिय, असलं खायची टूम निघाली. गाड्या करून माणसं टेकडीवर येऊ लागली. थोरली त्यांनाही तेच विचारायची, घाई आहे का? काहीजण हसायचे, काहीजण रागवायचे, काहीजण खरंच विचारात पडायचे. गुडघे गेले तरी जुन्या घरांच्या खेपा तिने सोडल्या नाहीत. धाकट्याची बायको म्हणायची, "वन्सं, मी जाते ना." ती म्हणायची, "तू तुझ्या घरांना जा. माझी घरं माझी."

शेवटची खेप तिने केली ती वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे. शेवटची म्हणून केली नव्हती, नेहमीसारखीच केली. तो आता थकला होता, सुईत दोरा ओवता येत नव्हता, खाणं चिमणीएवढं. तिने अर्धी कोंबडी आणि अंडी दिली. जिने फार आहेत म्हणून त्यालाच रागावली, जणू त्याने बांधलेत. त्याने विचारलं, "बसणार थोडी?" तर म्हणाली, "बस चुकेल." तरी बसली. त्याचा दोरा ओवून दिला, एक नाही, बऱ्याच सुयांमध्ये, म्हणजे आठवडा निघेल.

घरी आली तेव्हा ऊन होतं. तिने बर्फाचं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, पेटी घासली, उन्हात पालथी घातली. मग आत जाऊन धाकट्याच्या बायकोला म्हणाली,

"शिंप्याला पुढच्या खेपेला मेंढीची मान हवी आहे. हाडासकट सांग खाटकाला. आणि मी जरा पडते."