शिंपले कोण खातंय?

संशोधन केंद्रात त्यांना सगळे बगळोबा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात गुडघाभर बूट घालून, डोळ्याला दुर्बीण लावून ते तासन्‌तास उभे असत. खाडीतले शिंपले दरवर्षी कमी का होतात, हा त्यांचा प्रश्न. पक्षी खातात, हे त्यांचं उत्तर. त्याच उत्तरावर त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि नोकरीही.

बायको कॉलेजात त्यांच्याच वर्गातली. लेक लहान असताना तिनं शिकवण्यात वर्षं काढली आणि लेक शिकायला बाहेरगावी गेल्यावर ती केंद्रात रुजू झाली. तिच्यासाठी शब्द टाकला तो बगळोबांनीच. तिनं फार काही मागितलं नाही. तारेची जाळी, खुंट्या आणि चिखलाचा एक तुकडा. काही ठिकाणी तिनं लहान शिंपले चारी बाजूंनी जाळीत बंद केले. काही ठिकाणी वर नुसतं जाळीचं छप्पर घातलं आणि बाजू मोकळ्या सोडल्या. छपराखाली चोच पोचणार नाही, पण खेकडा खुशाल आत शिरेल.

बंद पिंजऱ्यातले शिंपले सुखरूप राहिले. छपराखालचे फस्त झाले.

"म्हणजे पक्षी नाहीत, खेकडे आहेत," ती भांडी पुसता पुसता म्हणाली.

"एका हंगामाचं काय खरं धरायचं," असं म्हणत त्यांनी तिनं पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली.

पुढच्या हंगामातही तेच निघालं. पिंजरे बघायला बाहेरून पाहुणे येऊ लागले. त्यातल्या एकानं बगळोबांचा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही खेकड्यांच्या मॅडमचे मिस्टर ना?" ते हसले, पण दातात काडी अडकावी तसं ते वाक्य दिवसभर सलत राहिलं. लेकीचा फोन आला की ती आधी आईच्या पिंजऱ्यांची चौकशी करायची. दारातले बायकोचे बूट आपल्या बुटांपेक्षा जास्त चिखलानं माखलेले असतात, हेसुद्धा त्यांना खुपायला लागलं.

मग एका दुपारी त्यांना तिच्या प्रयोगातली फट सापडली. उन्हात खेकडे सावली शोधतात. छपराच्या जाळीवर शेवाळ चढलं होतं आणि खाली चांगली गार सावली पडत होती. मग खेकडे तिथे शिंपल्यांसाठी येत होते, की सावलीसाठी?

प्रश्न खराच होता. पण त्यांनी तो घरी विचारला नाही. पोटात ठेवला, जपला आणि केंद्राच्या बैठकीत सगळ्यांसमोर काढला.

तिनं तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. मग म्हणाली, "बरोबर आहे. हे मी तपासलेलं नाही."

घरी परतताना गाडीत तिनं विचारलं, "कधी सुचलं तुला हे?"

"आत्ताच. बैठकीत."

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात," ती म्हणाली.

संचालकांनी निकाल दिला, "शंका तुमची, तर तपासाही तुम्हीच." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ना जाळी, ना छप्पर. प्रत्येक शिंपल्याला दोरा चिकटवून तो चिखलातल्या खुंटीला बांधला. खाणारा कुणीही असो, कवच मागे राहणार. खेकडा कवचाची कड मोडतो. पक्षी चोच घालून शिंपला उघडतो, कड बहुतेक शाबूत राहते.

बगळोबा प्रयोगशाळेत एकटेच कवचं निवडायला बसले. पहिल्याची कड मोडलेली. दुसऱ्याचीही. प्रत्येक कवच उचलताना ते मनातल्या मनात पक्ष्यांसाठी प्रार्थना करत होते. एक कवच धड इकडचं नव्हतं, धड तिकडचं नव्हतं. ते त्यांनी भिंगाखाली धरलं, फिरवलं, पक्ष्यांच्या ढिगाकडे नेलं आणि शेवटी खेकड्यांच्या ढिगात टाकलं. लबाडी त्यांना जमत नव्हती. जमली असती तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

"लहान शिंपले खेकडेच खातात," त्यांनी बैठकीत सांगितलं. "पक्षी मोठे खातात, तेही थोडेच."

टाळ्या तिच्यासाठी वाजल्या. कुणीतरी त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं, ते त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं. आपलं मन केवढं आहे, हे त्यांना नीट माहीत होतं.

"शोधनिबंधात तुझं नाव घालते," ती घरी म्हणाली.

"दुसरं?"

"दुसरं."

"मग राहू दे."

तिनं घातलंच. छापील अंक हातात आल्यावर त्यांनी आधी नावांचा क्रम पाहिला. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "प्रश्न चांगला होता तुझा. मला घरी विचारला असतास, तर मी सगळ्यांना सांगत सुटले असते."

पुढच्या हंगामाच्या तोंडावर तिनं विषय काढला. "खेकडे कोण खातं, ते बघायचंय आता. पक्षीच असतील ना?"

"म्हणजे आता पक्षीही तुझेच?"

"तुझेच रे. पण मला ते ओळखता येत नाहीत."

काही दिवस ते एकटेच दुर्बीण घेऊन खाडीवर जाऊन आले. मग आपणहून तिला घेऊन चिखलात गेले. इतक्या वर्षांची आपली उभं राहायची जागा त्यांनी तिला दाखवली, वारा कुठून येतो ते सांगितलं आणि तिला डाव्या हाताला उभं केलं.

पाणी हटू लागलं तसे पक्षी उतरले. खेकडा चोचीत धरून उडालेला पहिला पक्षी तिलाच आधी दिसला.

"मलाही दिसला," ते म्हणाले.