खर्ड्याच्या घरी

ऑपरेशन झालं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. सोनईजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. आधी काही महिने टीबी समजून गोळ्या चालू होत्या. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा पुण्याला नेलं. कॅन्सर निघाला. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला, पण आजार गाठींपर्यंत पोचला होता. "वर्ष-दीड वर्ष धरून चाला," असं डॉक्टरांनी बायकोला बाहेर बोलावून सांगितलं. तिनं ते मला चार वर्षांनी सांगितलं, मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

केमो नगरला घेतली. शेजारच्या खाटेवर जामखेडजवळच्या खर्डा गावचे एक टेम्पोवाले असायचे. माझाच आजार, माझंच वय. सलाईन सुरू झालं की तोंड कडू व्हायचं. ते खिशातून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवायचे.

"गुरुजी, उलटी आली तर लाजू नका. हितं समदे एकाच वर्गातले हाईत."

मला हसू यायचं आणि हसलं की टाके दुखायचे.

पाचव्या वेळी त्यांच्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. मी नर्सकडे पाहिलं. "गेले," म्हणत तिनं माझं सलाईन लावायला घेतलं.

मी मात्र जगलो. एकामागून एक स्कॅन स्वच्छ येत गेले. शाळेत परत रुजू झालो. फळ्यावर लिहिताना दम लागे, म्हणून मुलांनाच लिहायला लावायचो. लेकीचं लग्न झालं, नात झाली. दर आनंदाला ते टेम्पोवाले आठवायचे; पण त्यांच्या घरी कोणत्या तोंडानं जायचं?

नऊ वर्षांनी गेलो. जामखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. घर विचारत पोचलो. त्यांची बायको दारात धान्य पाखडत होती. दवाखान्यातला शेजारी म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमाला बी त्येच हुतं ना?"

"हो."

"किती वर्सं झाली?"

"नऊ," मी म्हणालो. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

तिनं बसायला घोंगडी अंथरली. मग म्हणाली, "घरी आले की तुमचंच सांगायचे. गुरुजी लई भित्यात, म्हनायचे. आन् सोता दवाखान्याला जायच्या आदी दोन-दोन दिस घास गिळायचे न्हाईत."

त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. खाटेवर पडून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू आवरेना. ती उठली आणि चूल पेटवायला लागली. "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

मी जेवलो. ताट उचलताना तिनं विचारलं, "तपासनीला जाता का येळच्या येळी?"

"जातो."

"मग काय आलं त्ये मला बी कळवत जा."

आता रिपोर्ट हातात पडला की आधी घरी फोन लावतो आणि लगेच खर्ड्याला.