डावीकडचं झाड

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत सुलेखनाचं बक्षीस दरवर्षी मला मिळायचं. बायकोचं इतकं वाईट की आमच्या अल मन्सूरा भागातल्या दुकानात किराण्याची यादी तिला स्वतःच वाचून दाखवावी लागते. चिनी सुलेखनाच्या शुक्रवारच्या वर्गात आम्ही दोघांनी नाव घातलं, तेव्हा निकाल मी गृहीत धरला होता. शेवटच्या दिवशी बाई प्रत्येक टेबलावरचा एकच कागद निवडून प्रदर्शनात लावणार होत्या. आमच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो.

त्या दिवशी चिनी बाईंनी ‘वन’ हे अक्षर दिलं. झाडाचं चिन्ह दोनदा, शेजारी शेजारी: एक आडवी रेघ, एक उभी, खाली दोन बाजूंना दोन तिरके फटकारे. मी दोन्ही झाडं सारखीच भरदार काढली. कुंचला कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, काही चुकलं नाही. बायकोच्या रेघा थरथरल्या होत्या. एके ठिकाणी शाई पसरली होती.

बाईंनी माझा कागद उचलला. “रेघ छान,” त्या म्हणाल्या. मग डाव्या झाडावर बोट ठेवलं. “पण ही दोन झाडं झाली. वन नाही झालं.” डाव्या झाडानं आपला उजवा फटकारा आखडून घ्यायचा असतो, कारण एकाच चौकोनात दोघांना बसायचं असतं. रेघ सरावानं सुधारते, बांधणी चुकली तर अक्षर उभंच राहत नाही, असं त्यांनी सांगितलं.

बायकोच्या कागदावर डावं झाड अंग चोरून उभं होतं. बाईंनी तो उचलला. शाई पसरल्याचं मी त्यांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, पण कागद खाली ठेवला नाही.

“तुला कसं जमलं?” मी बायकोला विचारलं.

“अरे, ऑफिसात दिवसभर पाइपांची ड्रॉइंगच करते ना. दोन पाइप शेजारी आले की एकाला सरकावं लागतं.” ती कुंचला धूत होती. “तुला सरकायला कुणी सांगितलंच नाही कधी.”

मी माझा कागद गुंडाळला.

कागदाखाली लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या ज्यानं त्यानं आपल्या लिपीत लिहायच्या होत्या. तिनं कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. “तू लिही. माझं कुणाला वाचता येणार नाही.”

मी तिचं नाव लिहिलं. शिरोरेषा सरळ, वळणं नेमकी. तिनं चिठ्ठी हातात घेऊन पाहिली.

“एवढं बारीक का? जागा तर भरपूर होती.”