मणक्यातला खेळ

सकाळचे आठ वाजले होते. काटेवाल्यांनी भिंतीवरचं घड्याळ खाली काढून त्याची पाठ उघडली, तशी स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, त्याला जगू द्या. बरोबर चाललंय ते."

"अर्धं मिनिट पुढं जातंय."

"जाऊ दे की! आपल्याला कुठली गाडी पकडायचीय?"

दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त करण्यात काटेवाल्यांची हयात गेली होती. मग आकडे दाखवणारे काटे आले आणि त्यांना कुणी विचारेनासं झालं. हात मात्र स्वस्थ बसेनात. घरातली एकही बिजागरी आता कुरकुरत नव्हती, एकही नळ ठिबकत नव्हता. बायको मैत्रिणींना सांगायची, "आता माझाच नंबर."

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात पस्तिशीची एक बाई, खांद्याला जड पिशवी.

"काटेवाले काका इथंच राहतात ना? औषधांच्या दुकानातल्या आजोबांनी पत्ता दिला. मी कॉलेजात शिकवते."

ती आत आली, पाणी प्यायली आणि पिशवीतून एक वस्तू काढून तिनं टेबलावर ठेवली. पाठीच्या कण्याचा तुकडा होता. दोन मणके आणि मधे चकती.

"अगं बाई!" काकू दोन पावलं मागं सरकल्या. "कुणाचं हे?"

"कुणाचं नाही हो, साच्यात ओतलंय. चकती रबराची आहे."

"मग चालेल. चहा घेणार ना?"

चहा घेता घेता मॅडमनी सगळं सांगितलं. पाठीच्या कण्यावर किती भार आला की तो किती वाकतो, हे मोजायची प्रयोगशाळा त्यांना उभी करायची होती. त्यासाठी बाहेर मिळणारं यंत्र कॉलेजच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच एक जुळवलं होतं. लोखंडी चौकट, सायकलची बेअरिंगं, दोऱ्याला टांगलेली वजनं आणि कोन दाखवायला एक काटा. पण तेच वजन टांगलं तरी काटा दरवेळी वेगळ्याच रेघेवर थांबे. शनिवारी प्राचार्य येणार होते. एकच माप पाचदा सारखं आलं, तर खोली मॅडमची. नाही आलं, तर तिथं मोडक्या खुर्च्या रचायच्या, हे ठरलेलं होतं.

"आज वार कुठला?" काटेवाल्यांनी विचारलं.

"गुरुवार."

त्यांनी घड्याळ उघडंच टाकलं आणि हत्यारांची पेटी उचलली. काकू म्हणाल्या, "मॅडम, परत पाठवायची घाई करू नका हं."

खोली कॉलेजच्या तळमजल्यावर होती, कोंदट. यंत्र मधोमध. मॅडमनी तुकडा त्याच्या वरच्या-खालच्या वाट्यांत बसवला, एक हलकं वजन टांगलं आणि काटा भर्रकन बाजूला गेला. त्यावर आणखी वजन टांगलं, तर जेमतेम हलला.

"बघा काका, सुरुवातीला जरासं वजनही याला बास होतं. मग तो घट्ट होतो."

"खेळ आहे," काटेवाले म्हणाले.

"बरोबर! खेळच!" मॅडमना शब्द फार आवडला. त्यांनी तो वहीत लिहूनसुद्धा घेतला आणि घंटा झाली तशी त्या तासाला गेल्या.

आता तराजूच्या धंद्यात खेळ म्हणजे रोग. सांध्यात खेळ, म्हणजे सैलपणा, आला की माप बिघडलं. खेळ दिसला की काढायचा, हे काटेवाल्यांच्या बोटांना सांगावं लागत नसे. त्यांनी तुकडा सोडवला. दोन मणक्यांमधल्या फटींत चारी बाजूंनी पितळेच्या पातळ पट्ट्या सरकवल्या, लाखेनं पक्क्या केल्या आणि तुकडा असा टणक करून टाकला की हातानं वाकवून वाकेना. मग हात पुसत ते कौतुकाची वाट बघत बसले.

मॅडम आल्या. तुकडा हातात घेतला. दोन्ही हातांनी वाकवून पाहिला.

"काका, हा खेळ काढायचा नव्हता हो. तोच तर मोजायचाय."

"म्हणजे?"

"चांगल्या पाठीतही थोडा खेळ असतो. तो नसेल तर माणूस ओंडका होईल. चकती झिजली की तो वाढतो. किती वाढला हे कळलं, तर कुणाला शस्त्रक्रिया लागेल आणि कुणाला नाही, ते ठरवायला मदत होते."

काटेवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. "दुसरा तुकडा?"

"ओतायचा तर पंधरा दिवस. आणि यातली लाख खरवडायला गेलं, तर चकतीच फाटेल."

ते खाली मान घालून पेटी आवरू लागले. चाळीस वर्षांत कुणाचं माप त्यांनी बिघडवलं नव्हतं, आणि आज भलं करायला जाऊन एका पोरीची खोली घालवली होती. मॅडमनी मात्र, नुकसान किती झालंय ते तरी कळू दे म्हणून, तो टणक तुकडा यंत्रात बसवला आणि वजन टांगलं.

काटा हलला.

"थांबा," काटेवाले म्हणाले. "परत टांगा."

परत हलला, आणि या वेळी वेगळ्याच रेघेवर थांबला.

"मॅडम, हा तुकडा आता दगड आहे. दगड वाकेल का? मग हलतंय ते काय?" त्यांच्या आवाजात एकदम जोर आला. "हा मणक्याचा खेळ नाही, तुमच्या यंत्राचा पासंग आहे! रिकामा तराजूच एकीकडे झुकत असेल, तर त्यात काहीही तोला, खोटंच येणार."

ते गुडघ्यांवर बसले. डाव्या बाजूला, खालच्या वाटीच्या जोडाकडे अंधारात काही दिसेना, म्हणून त्यांनी तिथं नख फिरवलं. नख अडकलं. वाटी ज्या खिळीवर बसली होती, तिचं भोक घासून लांबट झालं होतं.

"तीन आठवडे मी मणक्याला दोष देत होते," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मी तर त्याला शिक्षाच केली," काटेवाले म्हणाले, आणि दोघांनाही हसू फुटलं.

शुक्रवारचा अख्खा दिवस त्यात गेला. काटेवाल्यांनी भोक पुन्हा गोल करून त्यात निमुळती खीळ बसवली. अशी खीळ जितकी दाबावी तितकी घट्ट बसते. लाख चकती न फाटता स्पिरिटनं सुटली, पट्ट्या निघाल्या आणि मणका पुन्हा डुलायला लागला. मॅडमनी तुकड्याच्याच मापाचा एक लाकडी ठोकळा करून घेतला. रोज आधी तो यंत्रात बसवायचा; काटा जागचा हलला नाही, तरच पुढचं काम. ठोकळ्यावर त्यांनी पेनानं लिहिलं, 'काकांची चूक'.

"अहो, पुसा ते! बायकोनं वाचलं तर फोटो काढून सगळीकडे पाठवेल."

शनिवारी प्राचार्य आले. ठोकळा बसवला, काटा शून्यावर गप्प. मग मणका बसवला. तेच वजन पाच वेळा टांगलं, आणि काटा पाचही वेळा त्याच रेघेवर येऊन थांबला. शेवटच्या वेळी तर प्राचार्यांनी मॅडमना बाजूला करून वजन स्वतः टांगलं.

"खुर्च्या दुसरीकडे ठेवू," ते म्हणाले.

मॅडम खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिल्या. प्राचार्यांनी काटेवाल्यांचा हात हातात घेतला. "तुम्हाला कॉलेजतर्फे काहीतरी द्यायला हवं. प्रमाणपत्र काढू? छोटासा कार्यक्रम ठेवू? काय हवं ते सांगा, संकोच नको."

काटेवाल्यांनी खोलीभर एक नजर फिरवली.

"सोमवारपासून मी येणारच आहे," ते म्हणाले. "तेवढा यंत्राच्या डाव्या बाजूला एक दिवा लावून द्या. तिथलं मला दिसत नाही."