आप्पा, राज्य कुठलं?

माझं माहेर सीमेवरचं एक छोटं गाव. आमचे वडील, आप्पा, जन्मले तेव्हा तिथं संस्थानचे महाराज होते. मग मुंबई राज्य आलं, मग म्हैसूर, मग कर्नाटक. वेशीवरच्या पाटीवर गावाचं नाव कधी मराठीत, कधी कानडीत. न पटणारा येऊन डांबर फासून जायचा. आप्पांनी घर काही हलवलं नाही. राज्यंच येत-जात राहिली.

नव्वदच्या दशकात एकदा आप्पा न्हाणीत घसरले. डोक्याला मार लागला म्हणून भावानं त्यांना जीपमध्ये घालून कोल्हापूरला आणलं. मला कोल्हापूरजवळच्याच उचगावात दिलेली, त्यामुळं मीही लगेच दवाखान्यात पोचले. आप्पा शुद्धीवर होते.

डॉक्टर तरुण होते. डोकं ठिकाणावर आहे का बघायला त्यांनी विचारलं, "आजोबा, तुमचं गाव कुठल्या राज्यात येतं?"

आप्पांनी त्यांना नीट न्याहाळलं. "महाराजांच्या."

"आणि आत्ता?"

"महाराजांच्याच की."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. महाराज होते तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मधली सगळी वर्षं पुसली गेली असतील, तर आप्पांच्या लेखी मी तरी कुठं उरले?

डॉक्टर तपासण्यांचं बघायला बाहेर गेले. तशी आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"ह्यो कुठल्या बाजूचा हाय गं?"

"कोण?"

"डागतर. आपल्याशी मराठी बोलतोय, मगाशी नर्सबाईसंगं कानडी बोलत हुता. म्हनून महाराज सांगितलं. त्येंच्यावरनं आता कोन भांडत न्हाय."

आमच्या गावची ही जुनी रीत. परक्यानं राज्य विचारलं की आधी त्याचा कल बघायचा, मग तोंड उघडायचं. सीमा आंदोलनाच्या दिवसांत घाईनं उत्तर देऊन आप्पांनी एकदा स्टँडवर मार खाल्लेला. डोकं फुटलं तरी ती अक्कल शाबूत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

डॉक्टर परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. तेही हसले. तरी खात्री म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट करून विचारलंच, "मग आजोबा, या कोण?"

या वेळी आप्पांनी डॉक्टरांकडं बघितलंसुद्धा नाही.

"माझी थोरली," ते म्हणाले.