इंजिनाखाली पुरलेलं जातं

यंत्र बंद पडलं की पुरुषमाणसं त्याच्याभोवती गोल करून उभी राहतात. एकजण खाली वाकून बघतो, एकजण उगाच टपली मारतो, आणि एकजण हमखास असा असतो की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो म्हणतो, "मी कालच सांगितलं होतं." परवा बँकेत गेले तर खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, सर्व्हर डाऊन आहे." आत बघते तर चार बाप्ये एका कॉम्प्युटरभोवती तस्सेच उभे. मला मामंजींची आठवण झाली आणि मी तिथेच खुदकन हसले. पोरीला वाटलं म्हातारीला भ्रम झाला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडे आमची वाडी. सगळी एकाच भावकीची घरं, आणि भावकीत मामंजींचा शब्द शेवटचा. भोरचं संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. राजा गेला, आता मुजरा करायला काहीतरी पाहिजे म्हणून की काय, मामंजींनी पिठाच्या गिरणीचं इंजिन आणलं. तेलावर चालणारं, काळंकभिन्न, बाजूला हे एवढं मोठं चाक. बैलगाडीतून ते वाडीत आलं तेव्हा बायकांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नव्या नवरीचं कौतुक होत नाही एवढं त्याचं झालं. माझं तर नव्हतंच झालं.

खोटं कशाला बोलू, आम्ही बायका मनापासून खूश होतो. जातं काय चीज असते ते ओढणारीलाच ठाऊक. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, पाय पसरून बसायचं आणि खांदा निखळेस्तोवर ओढायचं. त्यावर लोक म्हणणार, दळताना बायका काय गोड ओव्या गातात! अहो, गात नाही तर काय करणार? रडलं तर पीठ ओलं होतं.

इंजिन बसवायला भोरहून मिस्त्री आला. डोक्याला हॅट, तोंडात विडी आणि बोलणं असं की जणू इंजिन यानंच जन्माला घातलंय. मामंजींनी त्याला विचारलं, "हे बंद-बिंद पडतं का हो?"

मिस्त्री हसला. "पाटील, आभाळातलं इमान ज्या नेमानं चालतंय त्याच नेमानं ह्ये चालतंय. बंद पडायचं नाव न्हाई. फकस्त पाया जड पायजे. दगड घाला, चुना घाला, जड करा."

जड दगड म्हटल्यावर डोंगरपायथ्याला काय तोटा? पण मामंजींना नुसता पाया भरायचा नव्हता, त्यांना वाडीला दाखवायचं होतं. देवळापुढं उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "आता बायकांचा जाच संपला. घराघरातलं जातं आणा. त्याच जात्यावर माझं इंजिन उभं ऱ्हाईल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही बायकांनी तर पदर खोचले. मी आमच्या जात्याची वरची तळी उंबऱ्यावरून घरंगळत, वरून लाथ घालत त्या खड्ड्यापर्यंत नेली. तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. गोल, गुळगुळीत, पिढ्यान् पिढ्या घासलेले ते दगड एकावर एक खड्ड्यात पडले, वर चुना ओतला, त्यावर इंजिन बसलं आणि भोवती खोपट उभं राहिलं.

धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचा डबा लावला होता, त्यामुळे टुक टुक टुक असा आवाज पार पालीपर्यंत जायचा. पण ते चालू झालं की बेडकासारखं उड्या मारायचं. गोल दगडावर चुना धरतोय होय? पाया आतून हलायचा, चाकावरचा पट्टा सुटायचा आणि आत दळायला उभ्या असलेल्या बायका किंचाळत बाहेर पळायच्या. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला, "इंजिनात दोष न्हाई. तुमचं धान्य ओलं आसंल." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! वाडीतल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं की पाया हलतोय. पण पाया हलतोय म्हणायचं म्हणजे मामंजींनी चूक केली म्हणायचं, आणि ते म्हणायला वाडीत कुणाची छाती नव्हती.

तरी दळण चालायचं. आज बंद, उद्या चालू, असं रडतखडत.

या सगळ्यात जिचा जीव खरा अडकला होता ती माझी धाकटी नणंद. मी तिला वन्सं म्हणायचे, पण ती माझ्याहून लहान आणि मैत्रिणीसारखी. हाताला जात्याचा खुंटा पुरायला लागल्यापासून ती दळत आलेली. माझ्या सासूबाईंच्या उजव्या खांद्यातून कळ निघायची, त्यांना डोईवरचा पदरही नीट घेता येत नसे. ते वन्संनी रोज बघितलं होतं. म्हणून तिला बघायला कुणी आलं की ती आतून मला एकच विचारायला लावायची, "त्येंच्या गावात गिरणी हाय का?" नवरा काळा का गोरा, जमीन किती, काही नाही. पुरुष हसायचे. मामंजी म्हणायचे, "येडी पोरगी! हिला नवरा नगं, चक्की पायजे."

शेवटी किकवीचं स्थळ आलं. सडकेवरचं गाव, एसटी दारावरून जाते, आणि गावात गिरणी. वन्सं आनंदानं लाल झाली. मला म्हणाली, "वैनी, म्या आता जात्यापासून सुटले बग."

एकच काळजी होती, वरमाय. बाई फार तिखट म्हणून पंचक्रोशीत नाव. एका लग्नात आमटी पातळ झाली म्हणून पंगतीतून वऱ्हाड उठवलं होतं म्हणे. आणि आमचे मामंजी काय करतात? आपणहून तिला निरोप धाडतात की, आमच्याकडे भात-लापशी नाही, सगळ्या वऱ्हाडाला पुरणाच्या पोळ्या, आणि पीठ घरच्या इंजिनाचं. वाडीत तोवर लग्नात पोळी कुणी बघितली नव्हती. आता पीठ झालं नाही तर पंगत मोडणार आणि पंगत मोडली तर लग्न. वन्संची सुटका त्या उड्या मारणाऱ्या इंजिनाच्या नशिबाला बांधली गेली.

लग्नघरी आधी जातं पुजायचं असतं. खुंट्याला हळकुंड-सुपारीची पुरचुंडी बांधायची, पाच सुवासिनींनी हात लावून हळद दळायची, मग बाकीचं लग्न. पण वाडीत जातं होतं कुठे? मामंजी म्हणाले, "इंजिन हेच आता आपलं जातं. त्यालाच पुजा." झालं! आम्ही इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं, आंब्याचा डहाळा खोचला, आणि फिरवायच्या हँडलला हळकुंडाची पुरचुंडी बांधली. पाच सुवासिनी त्या तेलकट हँडलला हात लावून उभ्या. मी मनात म्हटलं, देवा, आमच्या बांगड्या तरी राख.

आम्ही हात काढल्यावर गड्यांनी हँडल फिरवलं. इंजिन खोकललं, टुक झालं, उडालं, आणि पुरचुंडी सुटून थेट मामंजींच्या कपाळावर बसली. त्याच दणक्यात पाया तडकला, इंजिन एका अंगाला कललं, पट्टा फाटला आणि सगळं गप्प. डब्यातून थोडा काळा धूर आला, तेवढाच.

मग काय, पुरुष गोल करून उभे राहिले. एकानं नारळ फोडला. एकानं लिंबू कापलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इंजिनाच्या अंगाला कान लावला, जसा काही आतून कुणी बोलणार होतं. माणूस पाठवून मिस्त्रीला आणलं. तो हॅट काढून म्हणाला, "इंजिनात दोष न्हाई. बायकांनी हळकुंड बांधाय नगं व्हतं." मामंजींनी कपाळावरचं टेंगूळ चोळत मान डोलावली. म्हणजे पाया त्यांनी घातला, इंजिन त्यांनी आणलं, आणि बंद पाडलं आम्ही! माझा संताप असा झाला की विचारू नका.

सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "न्हाईतरी कललंयच, पाया खणा अन् एक जातं तरी बाहेर काढा."

"मंग इंजिन पडंल की," मामंजी म्हणाले.

"नसरापुराच्या गिरणीत दळण धाडा."

"माझ्या दारात गिरणी आसताना? नाक कापताय का माजं!"

इंजिन पडू द्यायचं नाही, नाक कापू द्यायचं नाही, आणि पोळ्या मात्र झाल्याच पाहिजेत. हे बोलून मामंजी इंजिनाजवळ खाटेवर जाऊन बसले, आजारी माणसाजवळ बसावं तसे.

आम्ही बायकांनी एकमेकींकडे बघितलं. वाडीच्या वर डोंगराच्या सपाटीला धनगरांचा वाडा होता. तिथं गिरणी नव्हती, सुधारणा नव्हती, म्हणून जातं शाबूत होतं. डोक्यावर गहू आणि हळद घेऊन आम्ही चढायला लागलो. वन्संही निघाली. "नवरी कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "माज्या लग्नाचं दळान हाय. पंगत मोडली तर म्या जन्मभर हितंच ओढत बसंन."

वर म्हातारी धनगरीण शेळीला पाला घालत होती. आमच्या डोक्यावरची ओझी बघून म्हणाली, "आगं बया! तुमच्यात तर येंजान हाय न्हवं?"

"हाय की मावशी. पर दुखणं झालंय त्याला."

"माजी शेळी दुखण्याला पडली तरी लेंड्या देती. तुमचं येंजान काय देतं?"

आम्ही पोट धरून हसलो. मग तिच्याच सुनेला पाचवी सुवासीण करून जातं पुजलं, हळद दळली, आणि गव्हाला बसलो. आळीपाळीनं बसायचं ठरलं होतं, पण वन्सं खुंटा सोडेना. गिरणी आल्यापासून तिचे हात मऊ पडले होते. आधी तळवे लाल झाले, मग फोड आले, मग फुटले. मी ओरडले, "ऊठ आता, हळदीच्या नवरीचे हात असे व्हत्यात का?" तर घामेजलेल्या तोंडानं हसली. म्हणाली, "ओढू दे गं वैनी. शेवटचंच हाय."

पीठ खाली आलं. पोळ्या झाल्या. लग्न लागलं, वऱ्हाड पंगतीला बसलं. वरमायनं पहिला घास घेतला तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तिनं दुसरी पोळी मागितली. आणि मामंजी? फेटा बांधून पंगतीतून फिरत होते. "घ्या, घ्या, इंजिनाचं पीठ हाय! जात्याचं असं मऊ व्हत न्हाई!" व्याही म्हणाले, "वा पाटील, यंत्र ते यंत्र." यंत्र त्या वेळी खोपटात एका अंगावर कलंडून पडलं होतं, वर पोती टाकून झाकलेलं. मिस्त्री पंगतीत चौथी पोळी खात होता. त्याच्या ताटात राख टाकावी असं माझ्या मनात आलं, पण भरल्या लग्नात कसं टाकणार?

पाठवणीच्या वेळी वरमायनं ओटी भरायला सुनेचा हात हातात घेतला आणि तिचं बोट त्या फोडांवर गेलं. तिनं तळवा उलटा केला, डोळ्याजवळ नेऊन बघितला. मामंजी तिथेच होते. त्यांचा फेटा एकदम मोठा आणि तोंड एकदम लहान दिसायला लागलं.

"जातं ओढलंस व्हय गं?" वरमायनं विचारलं.

वन्संनी मान खाली घालून हो म्हटलं. आता बाई फटकारणार, इंजिनाचं खोटं बाहेर येणार, वऱ्हाड उठणार.

तर वरमाय हसली. अशी हसली की तिचं तिखट तोंड गोड दिसायला लागलं. "ब्येस झालं! मला वाटलं, येंजानाच्या घरची पोर, नाजूक आसंल. आमच्या गावच्या गिरणीचा काय भरवसा न्हाई बाई. आज चालू तर उंद्या बंद. म्हनून आमी आमचं जातं मोडलं न्हाई. माज्यानं आता व्हत न्हाई, म्हनूनच तर सून आनली."

मामंजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाव्हणे हसले. मिस्त्रीनंही मान डोलावली, यंत्राचं असंच असतं म्हणून. कसली हुशार माणसं! यंत्र बंद पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याची तजवीजही असते. घरात एक बाई आणून ठेवलेली असते.

गाडी जुंपली. मी वन्संना हात धरून वर चढवलं. ती रडत नव्हती. तळव्यावरची हळद फोडांना झोंबत असणार, ती हातावर फुंकर घालत होती. बैल निघता निघता माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, गिरणी हाय का म्हनून सगळ्यांस्नी इचारलं गं. जातं हाय का, त्ये इचारायचंच ऱ्हायलं."