अभिमन्यूच्या गोळ्या आणि अक्कम्माची मालिका

अभिमन्यू मूळचा वेळापूरचा. शेती थोरल्या भावावर टाकून तो सोलापुरात आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला लागला. आमच्या घरमालकीण अक्कम्मा. खालच्या दोन खोल्यांत आम्ही, मधल्या घरात त्या, आणि माडीवरच्या खोलीत एकटा अभिमन्यू. मी वैरागकडचा, मुलाच्या नोकरीपायी इथं आलेला. बोलायला माणूस लागतो मला, आणि अभिमन्यूसारखा ऐकणारा मी आजवर पाहिला नाही. एकच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी हसायच्या ठिकाणी बरोबर हसतो.

कारखान्यातून आला की अंघोळ, जेवण, एक गोळी, आणि कोंबड्या डालायच्या वेळेला, दिवेलागणीलाच, पोरगा झोपलेला. रात्रपाळीला जास्त पैसे मिळतात, तरी घेत नाही. "मोप झोपाळू हायस बाबा," असं मी चिडवायचो. त्यावरही हसायचा.

आता अक्कम्मा. माणूस सोन्यासारखं, एका वाक्यात अर्धी कानडी अर्धी मराठी. नवरा गेल्यापासून त्यांना सोबत टीव्हीची, आणि त्यातही ती संध्याकाळची खुनाची मालिका. तिच्यात एक चष्मेवाला डॉक्टर आहे. संशयिताच्या डोळ्यांत बघतो, लहानपणी आई काय म्हणायची ते विचारतो, आणि समोरचा लगेच रडत कबूल करतो. हे बघून बघून अक्कम्माच डॉक्टर झाल्या होत्या. दूधवाला रविवारी दाट आणि इतर दिवशी पातळ दूध घालतो, म्हणून त्याला स्प्लिट पर्सनॅलिटी. माझी सून भांडी दोनदा विसळते, म्हणून तिला डोक्याचा आजार. मला काय झालंय ते मी विचारलंच नाही.

एके दिवशी संध्याकाळी त्या घाबऱ्याघुबऱ्या दारात आल्या.

"तात्या, वर बघा! पोरगा हुच्च झालाय. येडा, येडा!"

अंगणात येऊन पाहिलं, तर माडीच्या कठड्याशी अभिमन्यू उभा. ओठ हलतायत, हात हलतायत, आवाज काही नाही. मधेच एकटाच हसला.

"कालच्या भागात असंच होतं," अक्कम्मा माझ्या बाहीला धरून म्हणाल्या. "तो पोरगा न दिसणाऱ्या माणसाशी बोलला आन् मग सुरी घेतली. मी विळी लपवून आलेय बघा."

मी दोन पावलं पुढं जाऊन बोळाबाहेर नजर टाकली आणि मला हसू आवरेना. रस्त्यापलीकडं त्याचा कारखान्यातला जोडीदार बिरुदेव मोटारसायकलीवर बसून तसेच ओठ हलवत होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून ही माणसं ओठ आणि हात बघून बोलतात, आणि बाहेर आल्यावरही ती सवय सुटत नाही.

"अक्कम्मा, तुमचा न दिसणारा माणूस तो बघा, गाडीवर बसलाय."

अक्कम्मा ओशाळल्या. अभिमन्यू खाली आला, त्यालाही सगळं सांगितलं. तोही हसला. तिथं संपायचं, पण अक्कम्मा मागं हटणाऱ्या नव्हत्या.

"मग रोज गोळी कसली घेतोस रे?"

पित्ताची म्हणाला असता तर भागलं असतं. पण तो सरळ म्हणाला, "डोक्याचीच हाय, मावशी. मला आवाज यायचे. गोळीनं बरा हाय."

अक्कम्मांचा चेहराच उतरला. घरात गेल्या आणि कडी लावून घेतली. सकाळी मला निरोप, "महिना भरला की खोली सोडायला सांगा. एकटी बाई हाय मी."

मी निरोप घेऊन वर गेलो. अभिमन्यू चादरीच्या घड्या घालत होता, टॉवेलसारख्या कडेला कड लावून.

"दुसरी खोली मिळंल की," मी म्हणालो.

"मिळंपर्यंत कारखान्यात झोपावं लागंल, तात्या. तिथं रातभर माग चालतात. डॉक्टर म्हणतात, दोन गोष्टी चुकवू नको, गोळी आन् झोप. झोप गेली की आवाज परत यायला वेळ लागत न्हाई."

तेव्हा कुठं मला त्याच्या झोपेचं कळलं.

"आवाज म्हणजे मालिकेत असतात तसे?"

"आवाज येतात ते खरं हाय. पण एका दिवसात येत न्हाईत, आन् एका सुईनं जात न्हाईत. रानातली माणसं माझीच निंदा करतायत असं ऐकू यायचं. जेवणात कायतरी घातलंय वाटायचं. मी कुणाला मारायला न्हाई गेलो, खाटंखाली जाऊन बसायचो."

"कधीच हात उचलला न्हाईस?"

"एकदा आईनं वाढलेलं ताट भिरकावलं. आई रडली. मग मीबी."

मग तोच म्हणाला, "मावशीला माझ्याबरोबर यायला सांगा. परवा दवाखान्याची तारीख हाय. काय विचारायचं ते डॉक्टरलाच विचारू देत."

अक्कम्मा तयार झाल्या, मी बरोबर असेन या अटीवर. रिक्षात अभिमन्यू पुढं, आम्ही मागं. "ह्यो खून करंल का, हे तोंडावर विचारते का न्हाई बघा," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांना काय अपेक्षित होतं देव जाणे. साखळदंड, किंकाळ्या असतील. तिथं बाकांवर माणसं बसली होती, रेशन दुकानासमोर बसावीत तशी. एक शिक्षक पेपर तपासत होता. एकजण जांभया देत होता. आणि कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेऊन एक बाई.

अक्कम्मा जागच्या जागी थांबल्या. मीही ओळखलं. नाव लिहिणार नाही. आमच्या भागात कुठलंही लग्न असो, नवरीची ओटी भरायला पहिलं बोलावणं हिला जातं. अक्कम्मांची जुनी मैत्रीण.

"ये की, बस," ती बाई सरकून म्हणाली.

"तू हितं?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून. लई वर्सं झाली."

"मला कधी बोलली न्हाईस गं?"

"तू रोज ती मालिका बघतेस की. तुला काय सांगू?"

अक्कम्मा तिच्याशेजारी बसल्या. त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला. नंबर लागेपर्यंत तो हात तिथंच होता.

आत डॉक्टरांनी अभिमन्यूला झोप, भूक, काम यांचं विचारलं, वजन केलं, गोळ्या त्याच ठेवल्या. डोळ्यांत बघणं नाही की काही नाही. मग अक्कम्मांना म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं होतं ना?"

अक्कम्मा माझ्याकडं बघू लागल्या. मी छताकडं.

"गोळी जेवायच्या आधी द्यायची का मागनं?" त्यांनी विचारलं.

"मावशी, इतकी वर्सं मी घेतो की!" अभिमन्यू हसला.

परतताना निम्म्या वाटेत अभिमन्यूनं पुढून मान वळवली. "सामान बांधून ठेवलंय, मावशी. काय करू?"

"बांधलंस व्हय? मग सोड की घरी गेल्यावर. पण ऐक, भीती माझी लगीच जायची न्हाई. थोडे दिस कडी लावीन."

"लावा की. मला झोपल्यावर कुटं ऐकू येतंय?"

"आन् आईचा नंबर दे. गोळी चुकवलीस तर फोन करणार."

अभिमन्यूनं रिक्षातच नंबर सांगितला, आणि अक्कम्मांनी तो माझ्या मोबाईलमध्ये घालायला लावला, कारण त्यांना घालता येत नाही.